गुलबक्षी पिकअप

शोरूममधल्या बाकीच्या गाड्या पांढऱ्या, काळ्या आणि करड्या होत्या, शहाण्या मुलांसारख्या एका ओळीत उभ्या. ही एकटी मागच्या कोपऱ्यात होती, भिंतीकडे तोंड करून, वर्गाबाहेर काढल्यासारखी. रंग गुलबक्षी. गुलाबी म्हणावं तर त्याहून धीट, जांभळी म्हणावं तर त्याहून उजळ. उन्हं कलली की गुलबक्षीचं फूल ज्या रंगाने उमलतं, नेमका तोच.

झाडवाली तिच्यापाशी गेली आणि तिथून हलेना.

तिला गावात सगळे झाडवालीच म्हणत. रस्ता रुंद करायचा असला, एखाद्या इमारतीची भिंत पुढे घ्यायची असली आणि मध्ये झाड येत असलं, की लोक दोघांपैकी एकाला बोलावत. एक करवतवाला, दुसरी ही. करवतवाला झाड आडवं करायचा. ही भोवतीने खणून, मुळांचा गोळा मातीसकट गोणपाटात बांधून, झाड उभंच्या उभं उचलायची आणि दुसरीकडे नेऊन लावायची. काम जोखमीचं, वजन अफाट. तिची जुनी गाडी आता म्हातारी झाली होती. गेल्या खेपेला भर चढावर एका सुरूच्या झाडासकट ती मागे सरकू लागली, तेव्हा झाडवालीने ब्रेकवर उभं राहून ठरवून टाकलं की आता नवी घ्यायची, आणि घ्यायची तर सगळ्यात मोठी.

विक्रेता मुलगा बोलका होता, फक्त बोलत होता तिच्या नवऱ्याशी. इंजिन किती ताकदीचं, हौद्यात किती वजन बसतं, मागे किती ओढता येतं, हे सगळं तो नवऱ्याच्या तोंडाकडे बघून सांगत होता. नवरा कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची आणि हा घराच्या मागच्या खोलीत मेणात आणि प्लास्टरात हात घालून बसायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गाडी हिला घ्यायची आहे. मी नुसता सोबत आलोय."

मुलगा ओशाळला आणि तिच्याकडे वळला. तोवर ती गाडीखाली वाकून ट्रेलर ओढायचा मागचा आकडा बघत होती.

गाडी होती मात्र बघण्यासारखी. पुढची जाळी कपाटाच्या दारांएवढी रुंद, तिच्या दोन्ही बाजूंना उभे दिवे, वर बॉनेट इतकं उंच की तिच्या हनुवटीला लागेल. कडेचा पत्रा सपाट नव्हता. पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत इस्त्रीच्या घडीसारखी एक रेघ गेली होती आणि त्या रेघेवर रंग बदलायचा, वरच्या अंगाला झळाळता, खालच्या अंगाला वाइनसारखा गडद. चार दारं, आत पाच जणांना ऐसपैस जागा, आणि मागे हौदा असा की त्यात एखादी छोटी मोटार बसावी.

मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं की हा रंग एका गिऱ्हाइकाने मुद्दाम मागवला होता. गाडी आली, त्याने पाहिली आणि जो गेला तो परत आलाच नाही. बाईंना गाडी पसंत असेल तर वरून पांढरा पापुद्रा चढवून देऊ, आठवड्याचं काम आहे, आतला रंग कोणाला कळणारही नाही.

ती सरळ उभी राहिली, हात झटकले.

"झाकायला कशाला घेऊ?" ती म्हणाली. "रंगासाठीच तर थांबलेय."

नवऱ्याला तिने विचारलं, तुला काय वाटतं. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. त्याचा सगळा जन्म पांढऱ्याच्या छटांत गेला होता. कोणाचा दात पिवळट पांढरा, कोणाचा निळसर पांढरा, हे तो दिवसभर उजेडात धरून बघायचा. तो म्हणाला, पांढरं बघून बघून माझे डोळे विटलेत, दारात काहीतरी वेगळं दिसू दे.

गाडी घरी आली तेव्हा सासूबाई ओट्यावरच बसल्या होत्या. सासूबाई टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेल्या. ज्या काळात फोन जोडायला माणूस लागायचा त्या काळात त्यांनी अर्धं आयुष्य कानाला यंत्र लावून काढलं होतं, त्यामुळे बोलणं मोजकं आणि खणखणीत. त्यांनी गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली आणि निकाल दिला, "पैलवानाला झबलं घातलंय."

गावानेही तोंडसुख घेतलं. करवतवाल्याने विचारलं, गाडी कुठल्या मिठाईच्या दुकानातून आणली. पेट्रोलपंपावरच्या पोरांनी गॉगल लावून पेट्रोल भरलं. झाडवाली सगळ्यांबरोबर हसली. दारांवर तिने पांढऱ्या मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, "झाडं हलवून मिळतील", आणि खाली घरचा फोन नंबर. मग कामाला लागली.

हळूहळू हसणं कमी झालं, कारण गाडी काम दाखवू लागली. दोन्ही हातांत न मावणाऱ्या बुंध्याची झाडं ट्रेलरवर घालून ती घाट चढायची आणि इंजिनाचा आवाजसुद्धा बदलायचा नाही. वादळानंतर रस्त्यावर आडवी झालेली खोडं साखळी बांधून बाजूला ओढायची. चिखलात रुतलेल्या गाड्या काढणं हे तर काम नव्हतंच, पण तिला नाही म्हणता यायचं नाही. वाटेत कोणी हात केला की ती थांबायची, चारही चाकांना जोर देणारा खालचा गिअर टाकायची, साखळी लावायची, आणि रुतलेला माणूस 'कसं होणार' म्हणत असतानाच त्याची गाडी रस्त्यावर यायची. तिला जेवायला घरी पोचायला उशीर होई. नवरा ताटावर ताट झाकून ठेवायचा. वर्षभरात अशी वेळ आली की लांबून गुलबक्षी ठिपका दिसला की लोकांचे हात आपसूक वर जायचे, कोणाचे मदतीसाठी, कोणाचे नुसते ओळख म्हणून.

गाण्याच्या बाईंचं अंजीर हलवायचं ठरलं ते या सुमारास.

गाण्याच्या बाईंनी निम्म्या गावाला सूर लावायला शिकवलं होतं. त्यांचं घर रस्त्याच्या आखणीत गेलं. घराबद्दल त्यांनी कुठे तक्रार केली नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की अंगणातलं अंजीर माझ्याबरोबर येईल. नवं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, पुढे हातभर अंगण. झाडवालीने खणून ठेवलं, मुळं बांधली आणि सकाळी गाडीवरच्या उचलायच्या यंत्राने अंजीर हौद्यात उभं केलं. ऊन चढायच्या आत ते जमिनीत जायला हवं होतं. वाऱ्याने पानं सुकू नयेत म्हणून वर गुंडाळायला थोडं गोणपाट कमी पडलं, तेव्हा ती वाटेत गोणपाटवाल्याच्या दुकानासमोर थांबली. इंजिन चालू, चावी गाडीत, मोबाइल सीटवर. ही तिची नेहमीची सवय. नवरा कितीदा बोलला होता, आणि तिचं उत्तर ठरलेलं होतं, की ही गाडी चोरणं म्हणजे वाजतगाजत चोरी करणं, एवढं वेडं कोण असेल.

गोणपाटाची गुंडाळी खांद्यावर घेऊन ती बाहेर आली आणि रस्ता रिकामा होता.

आधी तिला वाटलं आपण चुकीच्या दाराने बाहेर आलो. दुकानाला दार एकच होतं. गाडीपेक्षाही आधी तिला अंजीर आठवलं. तिने गुंडाळी तिथेच टाकली, दुकानदाराचा फोन मागून घेतला आणि घरी लावला.

फोन लागेना. घरचा फोन गुंतलेला होता, कारण सासूबाई आधीच कोणाशी तरी बोलत होत्या. तिसऱ्या खेपेला लागला. तिने काही सांगायच्या आत सासूबाईंनीच विचारलं की तू कोणावर रागावलीस का. पाववालीचा फोन आला होता, तिने हात केला तर गाडीने ढुंकूनही पाहिलं नाही. न्हाव्याचाही आला, गाडीत बाई दिसल्या नाहीत, तब्येत बरी आहे ना म्हणून.

"गाडी चोरीला गेली," झाडवाली म्हणाली. "झाडासकट."

पलीकडे सासूबाईंचा आवाज बदलला. तो एक्सचेंजमधला आवाज होता, ज्या आवाजाने त्यांनी एके काळी पूर आला तेव्हा अख्ख्या गावाचे फोन जोडले होते. "पाववाली म्हणजे पूर्वेचा रस्ता. न्हावी म्हणजे पंपापर्यंत पोचला. तू जागची हलू नकोस. तुझ्या नवऱ्याला पाठवते. आणि हा फोन हातात ठेव."

दारांवर नंबर होताच. ज्याला ज्याला शंका आली तो फोन करत होता, आणि सासूबाई एकेकाकडून ठिकाण, दिशा आणि वेग काढून घेत होत्या. पंपावरच्या पोराने सांगितलं, वळताना दिवा दाखवला नाही, बाई नेहमी दाखवतात. शाळेच्या रखवालदाराने सांगितलं, नदीच्या रस्त्याला लागली. सासूबाईंनी पोलिसांना कळवलं तेव्हा चौकीवरच्या माणसाने रंग विचारला. त्यांनी सांगितला. त्याने कबूल केलं की गाडी आत्ताच समोरून गेली, आपण नेहमीप्रमाणे हातही केला.

नवरा आपली छोटी मोटार घेऊन आला. कामावरून तसाच उठला होता, बोटांना गुलाबी मेण आणि शर्टाला प्लास्टर. झाडवाली शेजारी बसली, गोणपाट मागे टाकलं. नवऱ्याने आरशात बघितलं, दिवा दाखवला, मग हलला. त्याने आयुष्यात कधी गाडी जोरात चालवली नव्हती आणि आजही चालवायचं त्याच्या मनात नव्हतं. ती दर दोन मिनिटांनी म्हणत होती, दाब जरा. तो म्हणत होता, दाबतोय. एक सायकलवाला त्यांना ओलांडून गेला. पण तिला एक गोष्ट आतून पक्की वाटत होती. चोर पळेल कितीही, लपणार कुठे.

नवऱ्याच्या मोबाइलवर सासूबाईंचा फोन आला तेव्हा ते नदीच्या पुलापाशी होते. "थांबली आहे," त्या म्हणाल्या. "विटांच्या भट्टीच्या पुढे. अंडीवाल्याने थांबवली आहे."

झालं होतं असं. अंडीवाल्याची व्हॅन वळणावर रस्त्याखाली उतरून ओल्या मातीत रुतली होती. आत छतापर्यंत अंड्यांचे ट्रे. तो बिचारा कपाळाला हात लावून बसला होता, तेवढ्यात त्याला लांबून गुलबक्षी रंग दिसला. त्याने रस्त्याच्या मधोमध येऊन दोन्ही हात पसरले. चोराला त्याच्या अंगावरून तर जाता येईना. त्याने करकचून ब्रेक दाबला. पण अंडीवाल्याला कसली शंका? खिडकीत बाईऐवजी कोणी माणूस दिसला तेव्हा तो धरून चालला की बाईंनी नवा ड्रायव्हर ठेवला. तो आभार मानत थेट मागे गेला, हौद्यातली साखळी स्वतःच काढली आणि अडकवूनही टाकली. मागे तोवर आणखी गाड्या येऊन थांबल्या होत्या. पुढे हात हलवत परत आलेला अंडीवाला, मागे गर्दी, आणि आता शेपटीला बांधलेली व्हॅन. चोराला ओढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

नवऱ्याने गाडी थांबवली तेव्हा साखळी नुकती ताणली जात होती. झाडवाली दार उघडून धावणार होती, पण दोन पावलांवर थबकली. ताणलेल्या साखळीजवळ आरडाओरडा करू नये, हे तिला माहीत होतं. चोर दचकून पाय दाबेल, साखळी तुटून उडेल आणि कोणाचं तरी डोकं फुटेल. शिवाय तिने जे पाहिलं त्याने तिचं लक्ष धरून ठेवलं. त्या माणसाने हिसका दिला नव्हता. त्याने खालचा गिअर शोधून काढला होता, साखळीचा ढिलेपणा तसूतसूने खाल्ला होता आणि आता तो थांबून होता, व्हॅनचं वजन गाडीला कळू देत होता. मग त्याने हलकेच ओढलं. हौद्यातलं अंजीर नुसतं मान डोलावल्यासारखं हललं. व्हॅनचं चाक चिखलातून 'चुबुक' करून सुटलं, कडेवर चढलं, रस्त्यावर आलं. अंडीवाल्याने धावत जाऊन मागचं दार उघडलं. एकही अंडं फुटलं नव्हतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. झाडवाली पुढे झाली आणि खिडकीपाशी हात पसरून उभी राहिली.

"चावी दे."

चोराने तिच्याकडे पाहिलं, दारावरची अक्षरं वाचल्यासारखी मान हलवली आणि इंजिन बंद करून चावी तिच्या तळहातावर ठेवली आणि तो खाली उतरला. माणूस चाळिशीचा, स्वच्छ शर्ट, दाढी केलेली. पळाला नाही. पळायला जागाही नव्हती, कारण अंडीवाला त्याच्या हातात अंड्यांचा ट्रे कोंबत होता. लोकांना काय प्रकार आहे ते कळलं तसा एकदम गलका झाला. कोणी कॉलर धरायला पुढे सरसावला. झाडवालीने हाताने सगळ्यांना मागे सारलं. तिला राग आला होताच, पण त्यावर कुतूहल चढून बसलं होतं.

"एवढ्या गाड्या पडल्यात गावात," ती म्हणाली. "हीच कशी उचललीस?"

"मोठी हवी होती," तो म्हणाला. "आणि कोणाच्या डोळ्यांत न भरणारी. राखाडी गाडीकडे कोण बघतं, असं वाटलं."

अंडीवाल्याने गाडीकडे पाहिलं, मग चोराकडे. थट्टा करतोय असं वाटून एक जण पुन्हा पुढे आला. पण झाडवालीचा नवरा मध्ये शिरला. रोज छटा बघणारा माणूस तो. त्याने आपली मेणाने माखलेली बोटं चोराच्या तोंडासमोर धरली आणि शांतपणे विचारलं, हे कसलं आहे.

"माती," चोर म्हणाला. "नाहीतर सिमेंट."

"हे गुलाबी मेण आहे." नवरा बायकोकडे वळला. "याला हा रंग दिसतच नाही गं."

चोर ट्रे हातात घेऊन तसाच उभा. मग त्याने हळूच विचारलं की गाडी कुठल्या रंगाची आहे. अंडीवाल्याने सांगितलं. त्याने आणखी एकाला विचारलं, त्यानेही तेच सांगितलं. तो गाडीच्या पायरीवर बसला. काही रंग आपल्याला नीट कळत नाहीत हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. सिग्नलचे दिवे तो वरचा आणि खालचा असे ओळखायचा. पण आज सकाळपासून जो तो हात का करतोय, पोलीससुद्धा का हसतोय, हे त्याला कोडं पडलं होतं, आणि त्याला वाटत होतं की आपल्या तोंडाला काही लागलंय. त्याने दोनदा आरशात पाहिलंही होतं. हे सांगता सांगता त्याला हसू आलं, मग अंडीवाल्याला आलं, आणि पोलिसांची गाडी आली तेव्हा सगळा रस्ता हसत होता आणि चोर कोण ते पोलिसांना विचारावं लागलं.

झाडवालीही हसली होती, पण चोरी ती चोरी. पोलिसांनी विचारलं तेव्हा तिने जे झालं ते सरळ सांगितलं, गाडी नेली हेही आणि व्हॅन काढली हेही. माणसाला त्यांनी नेलं. तिने गोणपाट अंजिरावर गुंडाळलं, नवऱ्याला छोटी मोटार सावकाश मागोमाग आण म्हणून सांगितलं, जे सांगायची गरज नव्हती, आणि स्वतः गाडी हाकली.

गाण्याच्या बाई नव्या घराच्या फाटकात उभ्या होत्या. सगळी हकिकत त्यांना सासूबाईंकडून आधीच समजली होती. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही, अंजिराच्या पानाला हात लावला. पानं मलूल पडली होती. खड्डा अरुंद निघाला, तो वाढवावा लागला. उन्हाचा चटका सुरू झाला होता. गाडीवरच्या यंत्राने झाड तोलून धरलं, झाडवाली खड्ड्यात उतरून मुळांखाली माती भरत राहिली, नवरा बादल्या आणत राहिला. संध्याकाळपर्यंत अंजीर उभं राहिलं, आणि आठवड्याभरात त्याने होती नव्हती तेवढी पानं टाकून दिली. बाई काळजीने रोज फोन करायच्या. झाडवाली रोज सांगायची, ते रुसलंय, मेलेलं नाही, पाणी घालत राहा. तिची खात्री होती, कारण बुंध्याला नख लावलं की खाली हिरवं दिसत होतं. पुढच्या महिन्यात एका फांदीच्या टोकाला चिमटीएवढं पान फुटलं. बाईंनी त्या दिवशी फोनवर काही न बोलता एक सूर लावला आणि ठेवून दिला.

खटला उभा राहिला तेव्हा चोराच्या वकिलाने आपलं काम केलं. तो म्हणाला, एका रंगाच्या दोन गाड्या असू शकतात, साक्षीदारांनी पाहिली ती हीच गाडी कशावरून. न्यायाधीशांनी खिडकीतून खाली पाहिलं, जिथे गाडी उभी होती, आणि बराच वेळ पाहतच राहिले. चोर स्वतःच उठला आणि म्हणाला की गाडी हीच, नेली मीच, वकीलसाहेबांनी त्रास घेऊ नये. ज्याने मोठी गाडी आणायला पाठवलं होतं त्याचाही पत्ता त्याने दिला. तिथे पोलिसांना सुट्या केलेल्या गाड्यांचा ढीग सापडला. त्याला काही महिन्यांची शिक्षा झाली.

शिक्षा संपवून तो एका दुपारी झाडवालीच्या दाराशी आला. दार सासूबाईंनी उघडलं. त्याने आपण कोण ते सांगितलं. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि आत वळून म्हणाल्या, "सूनबाई, तुझा चोर आलाय."

ती मागच्या अंगणात रोपांना पाणी देत होती. तो तिच्यासमोर उभा राहिला, हात मागे घेऊन. काम मागायला आलो, म्हणाला. आधी मालवाहू गाड्या चालवायचा, मालक बुडाला, मग कोणाच्या नादी लागला ते लागला. त्याबद्दल सबब सांगणार नाही.

सासूबाई दारातच उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं की घरात साप पाळायची त्यांची तयारी नाही. नवरा मागच्या खोलीतून डोकावला आणि म्हणाला, झाडं हिची, गाडी हिची, ठरवणार ही. झाडवालीने पाण्याचा पाइप खाली ठेवला. तिच्याकडे आता कामं इतकी होती की ती एकटी पुरत नव्हती. गेल्या दोन महिन्यांत तिने तीन ड्रायव्हर बघितले होते. तिघेही साखळीला हिसका देणारे.

"पुन्हा चोरी केलीस तर?" तिने विचारलं.

"तुमची गाडी?" तो म्हणाला. "ती चोरून मी जाणार कुठे?"

सासूबाईंना हसू आवरलं नाही, पण त्यांनी ते खोकल्यात घातलं.

झाडवालीने खिशातून चावी काढली. गाडीला ट्रेलर जोडलेला होता. अंगणाच्या मागे फणसाएवढ्या बुंध्याची दोन झाडं होती, मध्ये ट्रेलर जेमतेम जाईल एवढी जागा आणि पलीकडे भिंत. तिने तिकडे बोट दाखवलं. मागे घेऊन दाखव, म्हणाली, आरशात बघून, मी हात दाखवणार नाही.

तो चढून बसला. सीट मागे सरकवली, दोन्ही आरसे जुळवले, मग खाली उतरला, मागे चालत जाऊन जागा डोळ्यांनी मापली आणि पुन्हा चढला. इंजिन घुमलं. ट्रेलर आधी उलट्या बाजूला वळला, झाडाकडे निघाल्यासारखा वाटला, आणि सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्याने चाक सोडून दिल्यासारखं फिरवलं, ट्रेलर सरळ झाला आणि दोन बुंध्यांमधून मागे सरकत गेला. एका फांदीला घासून चार-दोन पानं खाली पडली. भिंतीच्या वीतभर आधी गाडी थांबली.

झाडवाली भिंतीपाशी गेली, अंतर हाताने मापलं आणि परत आली.

"सोमवारी ये," ती म्हणाली. "लवकर ये. कोर्टाच्या मागचा वड हलवायचाय, आणि तो आपल्या दोघांच्या अंदाजापेक्षा जड निघणार आहे."

"डबा घरून आणायचा," सासूबाईंनी दारातून बजावलं. "इथे मिळणार नाही."

त्याने मान डोलावली, चावी झाडवालीच्या हातात दिली आणि फाटकाकडे चालू लागला. तिने पाइप पुन्हा उचलला. अजून रोपांच्या दोन ओळी राहिल्या होत्या.